पाहुण्याची लदीन

माझ्या भावाने प्रवचनात एक वाक्य म्हटलं आणि आमच्या आयने त्याच्या हातून कम्युनियन घेणं बंद केलं.

वाक्य असं होतं: "आकाशातून जे कोणी हाक मारतंय तीही देवाचीच लेकरं असतील, आणि कदाचित आपल्याआधीपासून प्रार्थना करत असतील." ऐन सणाच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, भरल्या चर्चमध्ये. पुढच्या रविवारी ती पवित्र भाकर घ्यायला आय रांगेत उभी राहिली ती शेजारच्या धर्मगुरूंच्या. तिच्या मागोमाग बऱ्याच बायका तिकडे सरकल्या आणि बॅसिलची रांग निम्मी झाली. वसईच्या पट्ट्यातल्या आमच्या मोगरआळीत भिंतींना कान आहेतच, शिवाय तोंडही आहे. दुपारपर्यंत गावभर झालं की रेजिनाबाईंनी पोटच्या पोराला वाळीत टाकलं.

फादर बॅसिल तुस्कानो हा माझा मोठा भाऊ. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलांना तो सेमिनरीत ईशज्ञान शिकवतो. मी सेल्मा, जुन्नरजवळच्या पठारावरच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात प्रक्षेपणाचं काम बघते. आय म्हणते, दोघांचीही मान कायम वर, म्हणून जमिनीवरचं काही कळत नाही. आय निवृत्त मुख्याध्यापिका. गावच्या क्रूसासमोर लदीन होते तेव्हा पुढे म्हणायचा मान वर्षानुवर्षं तिचाच आहे. लदीन म्हणजे एकाने पुढे होऊन मरियामातेचं एकेक नाव घ्यायचं, थांबायचं, आणि बाकीच्यांनी मागून एका सुरात म्हणायचं, "आम्हांसाठी विनंती कर." पुन्हा पुढचं नाव, पुन्हा तेच. आय बोलते ती आमची वाडवळी. वाचणाऱ्याची दमछाक नको म्हणून इथे ती सोपी करून लिहिते.

आता पाहुण्याबद्दल.

तारे, ग्रह, वायूचे ढग हे सगळे रेडिओलहरी सोडत असतात, पण त्यांचा आवाज बाजारातल्या गलक्यासारखा पसरट असतो. वर्षापूर्वी सापडलेली लहर एकाच जागी, सुईच्या टोकाएवढी बारीक होती. इतकी बारीक रेघ निसर्गाला ओढता येत नाही, तिला यंत्र लागतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यानुसार ती रेघ किंचित वरखाली सरकत होती, म्हणजे यंत्र पृथ्वीवरचं नव्हतं. माग काढला तेव्हा गुरूच्या कक्षेजवळ मोठ्या चर्चएवढी एक वस्तू सापडली. ती कुठल्यातरी दुसऱ्या सूर्याकडून आली होती आणि आपल्या दारात येऊन थांबली होती. तिला सगळं जग पाहुणा म्हणू लागलं. पाहुण्याचा आवाज तिथून आपल्यापर्यंत यायला पाऊण तास लागे.

पाहुणा करायचा काय, तर स्पंदनांची एक ओळ पाठवायचा आणि मग तेवढाच वेळ गप्प बसायचा. पुन्हा नवी ओळ, पुन्हा शांतता. ओळी वेगवेगळ्या, पण प्रत्येकीच्या शेवटी एक छोटा तुकडा तोच. सगळ्या ओळी संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. शास्त्रज्ञांनी ठरवलं की शेवटचा तुकडा हा पूर्णविराम आणि मधल्या शांततेत यंत्र आपली वीज साठवून घेत असावं. मी पण तेच धरून चालले होते. जगाने त्याला उत्तरं पाठवली: गणिती आकडे, चित्रं, पन्नास भाषांतून नमस्कार. एकेक संदेश तासन्‌तास चालायचा. पाहुणा ढिम्म. आणि त्याचा आवाज दर महिन्याला बारीक होत चालला होता. वर्षभरात तो ऐकू येईनासा होणार हे आम्हाला दिसत होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं. एवढ्या लांबून आलेल्याला आपण पाणीसुद्धा विचारलं नाही असं वाटायचं.

बिशपांनी बॅसिलला भेटीला बोलावलं होतं, त्याच्या आदल्या रविवारी आम्ही तिघं घरी होतो. वाक्य मागे घ्या, नाहीतर सेमिनरीतलं शिकवणं सोडा, असा निरोप होता. आय ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. आत टीव्हीवर पाहुण्याचा आवाज चालू होता. माणसाच्या कानाला ऐकू येईल असा करून तो एका वाहिनीवर दिवसभर लावत. त्याची टीवटीव आता घरोघरी पंख्याच्या आवाजासारखी झाली होती, कोणी लक्ष देत नसे.

"मागे घे ते वाक्य," आय म्हणाली.

"नाही घेता येणार, आय."

"येशू किती वेळा जन्मला?"

"एकदाच."

"मग त्यांच्यासाठी कोण मेलं ते सांग. कोणीच मेलं नसेल तर ते बिचारे वाऱ्यावर. आणि त्यांच्यासाठी दुसरा कोणी मेला असेल तर आपला येशू काय, चारचौघांतला एक?"

ईशज्ञानाचे पंडित हाच प्रश्न विचारायला जाडजूड ग्रंथ घेतात. आयला एक कळी खुडायला लागतो तेवढा वेळ लागला.

बॅसिल म्हणाला, "मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एका हरवलेल्याच्या मागे गेला, ही गोष्ट तूच आम्हाला शिकवलीस. आपण नेहमी धरून चालतो की आपण त्या नव्याण्णवांतले. तसं नसेल तर? तो इथे आला, कारण वाट आपण चुकलो होतो. ते कदाचित चुकलेच नसतील. आणि चुकले असतील, तर त्याच एका मरणाचं पुण्य तिथपर्यंत पोचायला देवाला अंतर आड येतं का?"

"कदाचित, कदाचित. कदाचितवर चर्च उभं राहत नाही, बॅसिल."

ती रागाने कळ्या निवडू लागली. आत पाहुण्याची ओळ झाली आणि शांतता आली.

"आम्हांसाठी विनंती कर," आय पुटपुटली.

तिला पत्ताही नव्हता. हात कामात, मन दुसरीकडे, आणि कानाला जन्माची सवय: पुढून ओळ आली, थांबली, की मागे म्हणायचं. पुन्हा ओळ झाली. पुन्हा आय म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिने आमची तोंडं पाहिली आणि तिचे हात थांबले.

"मी काय म्हटलं?"

बॅसिलने आत टीव्हीकडे बोट दाखवलं.

"मी त्या यंत्राला विनंती केली," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. एवढी घाबरलेली आय मी कधी पाहिली नव्हती. ती उठून चपला शोधू लागली. "मला कुमसाराला जायचंय, पाप कबूल करायला. आत्ता."

"आय, बस जरा," बॅसिल म्हणाला. "लदीन तू पुढे म्हणतेस तेव्हा लोक तुला विनंती करतात का?"

"मला कशाला करतील?"

"मग झालं. पुढे म्हणणारा देव नसतो. तो फक्त पुढे असतो. तू त्याला विनंती केली नाहीस, त्याच्याबरोबर केलीस."

"तो काय म्हणतोय ते कळतं का तुला? शिव्या देत असला तर?" असं म्हणून आय गेलीच. चर्चमधल्या फादरांनी प्रायश्चित्त म्हणून एक लदीन म्हणायला सांगितली. ते हसू दाबत होते, असा तिला संशय आहे.

मी मात्र ओट्यावरून उठले नाही. आयने चूक केली होती, पण ती अगदी वेळेवर केली होती. तिचं उत्तर त्या शांततेत माप घेऊन शिवल्यासारखं बसलं होतं. परगावचे पाहुणे लदीनला येतात आणि त्यांना मागे म्हणायचं ठाऊक नसतं, तेव्हा आय काय करते? ओळीच्या शेवटी 'आम्हांसाठी विनंती कर' स्वतःच म्हणते, त्यांना कळावं म्हणून. आणि मग थांबते. पाहुणा वर्षभर नेमकं हेच करत होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच तुकडा म्हणून आम्हाला शिकवत होता आणि जागा सोडत होता.

दुसऱ्या दिवशी मी हे आमचे केंद्रप्रमुख हर्डीकरसर यांना सांगितलं. सर नास्तिक, आणि ते पहिल्या भेटीतच सांगून टाकणारे.

"म्हणजे तो जप करतोय असं म्हणतेस?"

"जप करतोय, की पाढे म्हणतोय, की कवायत घेतोय, मला माहीत नाही. तो मध्ये जागा सोडतोय आणि आपण तिथे बोलत नाही, एवढंच म्हणते. आपण तासन्‌तास त्याच्या बोलण्यावर बोलतोय, सर. असल्या माणसाला आपण तरी उत्तर देतो का?"

सरांनी चष्मा पुसला. "पाठवायचं काय?"

"त्याचाच शेवटचा तुकडा. प्रत्येक शांततेत एकदा."

अडचण अंतराची होती. त्याची ओळ ऐकून उत्तर पाठवलं तर ते पोचेपर्यंत त्याच्या शेकडो ओळी उलटून जाणार आणि आमचं उत्तर भलत्याच ठिकाणी पडणार. ते नेमकं शांततेत पोचवायचं तर त्याने ती ओळ उच्चारण्याच्या पाऊण तास आधी इथून निघायला हवं. त्याचं चक्र ठरलेलं होतं, त्यामुळे गणिताने ते जमण्यासारखं होतं.

"म्हणजे त्याने म्हणायच्या आधी आपण उत्तर द्यायचं," सर म्हणाले. "तो म्हणेल अशा भरवशावर."

"हो."

"शास्त्र बरोबर आहे," ते नाखुशीने म्हणाले. "ऐकायला मात्र भाबड्या श्रद्धेसारखं वाटतं." पण त्यांनी पुढच्या आठवड्यातली वेळ मिळवून दिली.

त्याआधी बिशपांची बैठक झाली. पाहुणा म्हणजे काय ते समजावून सांगायला त्यांनी मलाही बोलावलं होतं. बिशप लँबर्ट शांत, थकलेले गृहस्थ. शेजारी धर्मकायद्याचे जाणकार फादर कोरिया. माझं सांगून झाल्यावर फादर कोरिया बॅसिलकडे वळले.

"त्यांना आदामाच्या मूळ पापाचा डाग आहे की नाही?"

"मला माहीत नाही, फादर."

"त्यांना बाप्तिस्मा द्यावा लागेल?"

"त्यांनी मागितला तर विचार करू. अजून त्यांनी आपलं नावही विचारलेलं नाही."

"माहीत नाही, बघू, विचार करू. मग सेमिनरीत मुलांना शिकवता काय?"

"हेच शिकवतो, की आपल्याला माहीत नाही तिथे देवाचे हात बांधू नयेत. त्याने एका आदामावर थांबावं असा नियम मला कुठे सापडला नाही."

मला राहवलं नाही. "बिशप, आठ दिवस थांबा. आम्ही त्याला उत्तर देऊन पाहणार आहोत. काहीतरी नक्की कळेल."

"नको, सेल्मा," बॅसिल म्हणाला. "उत्तर आलं म्हणून माझं वाक्य खरं आणि नाही आलं म्हणून खोटं, असं नसतं. पाहुणा म्हणजे नुसतं घड्याळ निघालं तरी मी हेच म्हणेन. जिथे कुठे कोणी असेल, ते त्याचंच असेल."

बिशपांनी समोरचा कागद मिटला. "लोक बिथरलेत, फादर. तुमच्या घरातसुद्धा..." त्यांनी ते पुरं केलं नाही. "आजपासून तुमचे वर्ग थांबवतो."

बॅसिलने मान लववली. गाडीत मी त्याला वाटेल ते बोलले. आठ दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं, म्हटलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वर्ग गेले त्याचं दुःख आहेच. पण आय समोरून चालत येते आणि ऐन वेळी दुसऱ्या रांगेत वळते ना, ते मला बघवत नाही." त्याचे डोळे भरले होते.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही पाहुण्याचा तुकडा पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक शांततेसाठी एक, त्याच्या सगळ्या ओळी पुऱ्या होईपर्यंत. पाठवलेलं पोचायला पाऊण तास, परिणाम दिसायला आणखी पाऊण तास. केंद्रातल्या चहाला त्या दिवशी कोणी नावं ठेवली नाहीत, इतकं कोणाचं लक्ष नव्हतं.

पाहुण्याचं चक्र संपलं. आता पहिली ओळ यायला हवी होती. ती आली नाही.

"आपण त्याला बंद पाडलं," हर्डीकरसर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

ओळीची जागा रिकामी गेली. वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं. आणि मग, जिथे आजवर शांतता असायची तिथे, तोच छोटा तुकडा आला. फक्त तुकडा. पुन्हा ओळीची जागा रिकामी, पुन्हा तुकडा.

मला कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. "सर, तो थांबलेला नाही. त्याने बाजू बदलली. आता पुढे आपण म्हणायचं, आणि मागे तो म्हणणार आहे."

त्या नास्तिक माणसाने मला मिठी मारली. आम्ही सगळे हसत होतो आणि रडत होतो. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशानेही झालेला नाही.

एक चक्र असं करून पाहुणा वाट बघत थांबला. जगभरच्या केंद्रांनी ठरवलं की पुढे म्हणायची पाळी आळीपाळीने घ्यायची, आणि पहिली पाळी ज्यांनी उत्तर दिलं त्यांची. कोणी आकडे सुचवले, कोणी संगीत. हर्डीकरसर म्हणाले, "सेल्मा, तुझ्या आईला विचार. पुढे म्हणायचा अनुभव आपल्या केंद्रात कोणालाच नाही."

त्याच दिवशी बॅसिलला बिशपांचा फोन आला.

"फादर, तुमचं वाक्य मला अजून पटलेलं नाही."

"हो, बिशप. माहीत आहे."

"पण मुलांना ते ऐकायला मिळालं पाहिजे. मी घाई केली. सोमवारपासून वर्ग घ्या. आणि रविवारी तुमच्या गावच्या क्रूसासमोर मिस्सा ठेवू, तेव्हा मुख्य याजक तुम्ही व्हा. मी बाजूला उभा राहीन."

आयला विचारायला आम्ही दोघं गेलो. ती बॅसिलकडे न बघता म्हणाली, "पाप तर नाही ना?"

"तू विनंती कोणाला करणार?"

"मरियेला. आणखी कोणाला?"

"मग तो नुसता मागे म्हणणार. चालेल तुला?"

आयने विचार केला. "गावच्या माणसांपेक्षा वेळेवर म्हणत असेल तर चालेल."

रविवारी सकाळी क्रूस मोगऱ्याने झाकून गेला होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. आयचा आवाज पठारावरच्या यंत्राकडे आणि तिथून आकाशात जाणार होता, आणि पाहुण्याच्याच मापाची शांतता तिने मध्ये सोडायची होती. तिने आधीच बजावलं, "आज कोणी मागे म्हणायचं नाही. ती जागा त्याची आहे." पहिलं नाव घेतलं आणि सवयीने निम्म्या गावाने उत्तर दिलंच. आयने शाळेतली नजर फिरवली. सगळे गप्प. मग सुरुवातीपासून, एकेक नाव आणि एकेक शांतता. तिच्या आवाजाला कंप नव्हता.

लदीन संपली. उत्तर यायला दीड तास होता. मधल्या वेळात मिस्सा झाली, आणि बिशपांनी प्रवचन आवरतं घेण्याची काळजी केली नाही. कम्युनियनची वेळ आली तेव्हा दोन रांगा झाल्या, एकीच्या टोकाला बिशप आणि दुसरीच्या बॅसिल. आकाशातून अजून काहीही आलेलं नव्हतं. येईल की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

आय बिशपांच्या रांगेजवळ बसली होती. ती उठली, अख्खं गाव ओलांडून पलीकडे गेली आणि बॅसिलच्या रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. "ख्रिस्ताचं शरीर," तो म्हणाला.

"आमेन," आय म्हणाली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

शेवटचा आशीर्वाद व्हायचा होता तेवढ्यात कर्ण्यातून टीवटीव आली. तोच छोटा तुकडा. मग आय ज्या मापाने नाव घेते तेवढी शांतता, आणि पुन्हा तोच तुकडा. गुरूच्या कक्षेपासून तो आमच्या क्रूसाशी मागे म्हणत होता. कोणीतरी मोठ्याने रडू लागलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बिशप गुडघ्यांवर बसले.

"अरे, असे बघत काय राहिलात?" आय म्हणाली. "पुढे म्हणा."

आणि तिने सकाळच्याच लदीनमधलं पुढचं नाव पुन्हा घेतलं. ते नेमकं त्याच्या शांततेत बसलं. दुसऱ्या नावाला बॅसिलने तिच्या सुरात सूर मिळवला, तिसऱ्याला बिशपांनी, मग सगळ्यांनी. जन्मभर मागे म्हणणारी आम्ही माणसं त्या सकाळी पुढे म्हणत होतो, छाती भरून, सगळ्या वाड्यांना ऐकू जाईल असं. दर नावानंतर आम्ही थांबत होतो आणि दर वेळी तो येत होता. लहान पोरंसुद्धा चुकली नाहीत.

बॅसिलच्या खांद्यावर हात ठेवून आयने शेवटचं नाव घेतलं. सगळं गाव गप्प राहिलं, त्याला जागा दिली, आणि त्याने मागे म्हटलं.